रीलमधला ब्राझीलचा ठेका आपल्या मिरवणुकीत कुठून आला?

उद्यमबाग (बेळगाव) : दुम... चक... चक, दुम... चक... चक. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे त्याने हा ठेका ऐकलेलाच आहे, नाव माहीत नसलं तरी. जिममध्ये दंड दाखवणाऱ्या पोराच्या रीलला तोच, बैलगाडा शर्यतीच्या क्लिपला तोच, फुटबॉलच्या गोलला तोच आणि सायलेन्सर बदललेल्या बुलेटलाही तोच. उद्यमबागेत दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर चार पोरं मोबाइल काढून बसली की पाच मिनिटांत कुठून तरी हा आवाज येतोच. मग गणपती आले की हाच ठेका डॉल्बीवर चढतो, त्यावर एखादं मराठी गाणं बसवलेलं असतं, आणि एखादे काका विचारतात, “हे कुठलं गाणं लावलास रे?”

पोरं सांगतात, ‘ब्राझिलियन फोंक’. कुणी म्हणतं ‘ब्राझील फंक’, कुणी सरळ ‘कार्निव्हलचं म्युझिक’. ही तिन्ही नावं एकाच गोष्टीची नाहीत. आणि कुठलं काय हे कळलं की आपल्या मिरवणुकीत नक्की काय चाललंय तेही जरा स्पष्ट दिसायला लागतं. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

आधी कार्निव्हल

कार्निव्हल बेळगाव-खानापूरकरांना अगदी परका नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि गोव्यात ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधीचे चार दिवस कार्निव्हल असतो. कोकणीत जुने लोक त्याला ‘इंत्रूज’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘एंत्रुदू’वरून आला. पोर्तुगीजांनी हाच एंत्रुदू तिकडे ब्राझीललाही नेला. जुन्या रिओमध्ये त्याचं स्वरूप म्हणजे एकमेकांवर पाणी आणि पीठ उडवायचं, थोडक्यात आपली रंगपंचमी. पणजीची किंग मोमोची चित्ररथांची मिरवणूक मात्र पोर्तुगीज गेल्यानंतरची, १९६५ पासूनची आहे.

त्या जहाजांनी एवढंच आणलं असं नाही. चंदगड-खानापूर पट्ट्यातला काजू मूळचा ब्राझीलचा, नावासकट. निपाणीची पेठ ज्याच्यावर उभी राहिली तो तंबाखूही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फतच दख्खनला आला. तेव्हा तिकडचा माल इकडे रुजणं हे आपल्या भागाला नवीन नाही. फरक इतकाच की काजूला यायला जहाज लागलं आणि रुजायला पिढ्या लागल्या.

ब्राझीलच्या कार्निव्हलचा मुख्य आवाज सांबा. रिओमध्ये १९२० च्या दशकाच्या शेवटी ‘सांबा स्कूल’ सुरू झाल्या. स्कूल म्हणजे शाळा नव्हे. आपल्याकडचं तालीम मंडळ किंवा गल्लीचं मंडळ डोळ्यापुढे आणा: वस्तीवस्तीची संघटना, वर्षभर वर्गणी, वर्षभर तालीम, आणि त्या एका रात्री चित्ररथासह मिरवणूक. त्यांची पहिली स्पर्धा १९३२ साली ‘मुंदू स्पोर्तीवू’ नावाच्या एका क्रीडा वृत्तपत्राने भरवली. १९८४ मध्ये तर या मिरवणुकीसाठी दोन्ही बाजूंना गॅलऱ्या असलेला खास रस्ताच बांधला गेला, सांबाड्रोम. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या गल्लीचा देखावा चांगला त्या गल्लीची वर्षभर कॉलर ताठ, हे तिथेही तसंच.

वाद्यांचं तर आणखी जवळचं नातं दिसतं. सांबा स्कूलच्या वादकांच्या ताफ्याला ‘बातेरिया’ म्हणतात. मोठ्या स्कूलमध्ये अडीचशे-तीनशे वादक असतात. सगळ्यात मोठा ढोल ‘सुर्दू’. तो तीन आकारांत येतो: एक ठोका देतो, दुसरा उत्तर देतो, तिसरा मधली जागा कापतो. सुरुवातीचा सुर्दू लोण्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याला चामडं लावून केला होता, असं तिकडे सांगतात. त्यावर ‘काइशा’ नावाचं कडकडणारं वाद्य आणि सगळ्यांना इशारा देणारं ‘रेपिनिके’. आपल्या पथकात ढोल ठाय धरतो आणि ताशेवाला पुढे होऊन उठाव देतो, तेच काम रेपिनिकेचं. वादकांचा प्रमुख हात वर करतो आणि तीनशे माणसं एका क्षणात थांबतात, पुन्हा एकदम उचलतात. या मोकळ्या जागेला ते ‘पारादिन्या’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेंजोवाल्यांचे ब्राझीलमधले भाऊबंद

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती उद्यमबागेतच घडावी अशी आहे. ब्राझीलच्या ईशान्येला साल्वादोर नावाचं शहर आहे. तिथे दोदो आणि ओस्मार असे दोन मित्र होते. एक रेडिओ-विजेचा कारागीर, दुसरा वर्कशॉपवाला, दोघेही वाजवणारे. त्यांनी एक छोटं तारवाद्य इलेक्ट्रिक केलं आणि १९५० च्या कार्निव्हलमध्ये एका जुन्या फोर्ड गाडीवर कर्णे बांधून ते वाजवत रस्त्यावर उतरले. माणसं मागे नाचत सुटली. पुढे त्या गाडीचा ट्रक झाला, ट्रकचा मोठा ट्रेलर झाला. या प्रकाराला ‘त्रियू एलेत्रिकू’ म्हणतात आणि आज साल्वादोरचा कार्निव्हल त्याच्यावरच चालतो.

आपल्याकडची बेंजो पार्टी आठवली ना? ट्रॉलीवर लोखंडी सांगाडा, पुढे इलेक्ट्रिक बेंजो वाजवणारा, बाजूला ढोलकी, मागे जनरेटर. कोल्हापूर, निपाणी, कोकणपट्टी सगळीकडे वरातीला बेंजो असायचा. दोघांची एकमेकांना खबर नव्हती. कारागिराच्या हाताला वीज, तार आणि चाक मिळालं की तो जवळपास तेच करतो, मग शहर कुठलंही असो.

फंक ही वेगळीच गोष्ट

फंकचा जन्म मात्र कार्निव्हलमधला नाही. रिओच्या डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना ‘फाव्हेला’ म्हणतात. तिथे आणि रिओच्या उत्तरेकडच्या कष्टकरी उपनगरांत १९७० च्या दशकापासून शनिवार-रविवारी मोठमोठे नाचाचे कार्यक्रम व्हायचे. त्यांना ‘बायले’ म्हणतात. सुरुवातीला अमेरिकेतलं कृष्णवर्णीय कलाकारांचं सोल आणि फंक संगीत तिथे वाजायचं, त्यावरून नाव पडलं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मायामी शहराकडचं संगीत आलं, नाव ‘मायामी बास’. नाव बदललं नाही, आवाज पूर्ण बदलला. म्हणजे ब्राझीलचं ‘फंक’ हे अमेरिकेच्या फंकपेक्षा वेगळं, नावापुरतंच तेच.

मायामी बासचा जीव एका जपानी यंत्रात होता. रोलँड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन. १९८० ते १९८३ एवढंच त्याचं उत्पादन झालं, सुमारे बारा हजार नग. बाजारात ते फारसं चाललं नाही, म्हणून सेकंडहँडमध्ये स्वस्त झालं, आणि स्वस्त झालं म्हणून गरीब पोरांच्या हातात गेलं. धंद्यात आपटलेल्या मालाने पुढे जगाचं संगीत बदललं. ताळेबंदात असली गोष्ट दिसत नाही. त्याचा खोल ‘बूम’ आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखा ‘टण्’ हे दोन्ही आवाज आज रीलमध्ये ऐकू येतात.

रिओच्या डीजेंनी या रेकॉर्डचे तुकडे घेऊन पुन्हापुन्हा फिरवले. १९८८ ची ‘व्होल्ट मिक्स’ नावाची एक अमेरिकन रेकॉर्ड तर त्यांनी वर्षानुवर्षं पिळून काढली. बायलेंवर संशोधन करायला गेलेल्या एर्मानू व्हियाना या मानववंशशास्त्रज्ञाने डीजे मार्लबोरोला एक ड्रम मशीन दिलं, आणि १९८९ मध्ये मार्लबोरोचा ‘फंक ब्राझील’ हा अल्बम आला. त्यातले शब्द पोर्तुगीज होते. अभ्यास करायला आलेला माणूसच इतिहासाचा भाग झाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या ठेक्यात ब्राझीलच्या स्थानिक ढोलांचा रंग मिसळला. त्याला ‘तांबोरझाओं’ म्हणतात, सरळ मराठीत ‘मोठा ढोल’. इथून पुढे हा ठेका मायामीचा राहिला नाही, रिओचा झाला.

ठेक्याचं गणित सोपं आहे. आठ मोजा आणि पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आकड्यावर टाळी द्या. तीन-तीन-दोन. टेबलावर बोटांनी वाजवून बघा, ओळखीचं वाटेल. वेग मिनिटाला साधारण १३० ठोके असायचा. २०१६-१७ च्या सुमारास रिओच्या डीजेंनी तो १५० वर नेला.

आणि हे सगळं वाजायचं कशावर? भिंतीवर. एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या भिंती. वेगवेगळ्या साउंडवाल्यांच्या टीम, त्यांची नावं, त्यांचे चाहते, कुणाची भिंत मोठी यावरून ईर्ष्या. आपण ज्याला ‘डॉल्बी’ म्हणतो (त्या नावाच्या अमेरिकन कंपनीचा या भिंतींशी काही संबंध नाही) ते तिकडे आधीपासून होतं.

बंदी, गोळीबार आणि कायदा

तक्रारीही त्याच होत्या. आवाज, रात्र, दारू, गुंडगिरी, अश्लील शब्द. त्यात सगळंच खोटं नव्हतं. बायले अनेकदा अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या इलाख्यात व्हायचे, आणि टोळ्यांचं गुणगान करणारी, उघड लैंगिक शब्दांची गाणीही निघाली. पण तक्रारीच्या आडून वस्तीवरच राग निघायचा, हेही खरं. सांबाच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तेव्हा सांबा वाजवणाऱ्याला पोलीस पकडत, आज तोच देशाची ओळख आहे.

फंकच्या बाबतीत हे चक्र आपल्या डोळ्यांदेखत फिरलं. २००९ मध्ये रिओ राज्याने कायदा करून फंकला सांस्कृतिक चळवळ म्हणून मान्यता दिली. तरी २०१७ मध्ये फंक हा गुन्हा ठरवा अशी मागणी वीस हजारांहून जास्त सह्यांनिशी ब्राझीलच्या सिनेटपुढे गेली, ती फेटाळली गेली. आणि १ डिसेंबर २०१९ ला साओ पाउलोतल्या पाराइझोपोलिस वस्तीत एका बायलेवर पोलिसी कारवाई झाली, अरुंद गल्ल्यांत पळापळ झाली आणि नऊ तरुण मुलं गेली. आज जो ठेका पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये गमतीने वाजतो, त्याच्या पोटात हेही आहे.

तीनशे ढोल आणि एक धाडस

आता तो शब्द, पारादिन्या. १९९७ सालचा रिओचा कार्निव्हल. ‘व्हिरादोरू’ नावाच्या सांबा स्कूलचा वादकप्रमुख मेस्त्री जोर्जाओं याने भर मिरवणुकीत आपल्या बातेरियाला सांबा तोडायला लावला आणि त्याच ढोलांवर फंकचा ठेका वाजवला. थोडा वेळच, मग परत सांबा. स्पर्धेत बातेरियाला वेगळे गुण असतात. परीक्षकांनी नाक मुरडलं असतं तर वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती. पण गॅलऱ्या उसळल्या आणि त्या वर्षीचं विजेतेपद व्हिरादोरूलाच मिळालं.

कार्निव्हल आणि फंक यांचं लग्न लागलं म्हणायचं तर ते इथे. यात एकही स्पीकरची भिंत नव्हती हे महत्त्वाचं. यंत्रातून निघालेला ठेका माणसांच्या हातांनी उचलला होता. त्यानंतर फंकचा तुकडा कार्निव्हलमध्ये नेहमीचा झाला आणि आता अनिता, लुदमिला यांच्यासारख्या फंकमधून आलेल्या गायिकांच्या मागे कार्निव्हलच्या दिवसांत मोठ्या गर्दीच्या मिरवणुका निघतात.

मोबाइलमध्ये तो कसा घुसला

ब्राझीलबाहेर फंक गेला तो तुकड्यातुकड्यांनी. २००५ मध्ये श्रीलंकन तमिळ कुटुंबातली ब्रिटिश गायिका एम.आय.ए. हिने एका फंक गाण्याचा आधार घेऊन गाणं केलं. २०१७ मध्ये साओ पाउलोच्या एमसी फियोतीने कमाल केली. इंटरनेटवर बाखच्या बासरीची अडीचशे-तीनशे वर्षं जुनी एक रचना त्याला सापडली, तिचा तुकडा घेऊन त्याने फंक गाणं केलं आणि यूट्यूबवर ते शंभर कोटींच्या वर गेलं. २०२१ मध्ये तोच गायक कोरोना लस बनवणाऱ्या बुतांतान संस्थेत जाऊन त्याच गाण्याची लसीकरणाची आवृत्ती करून आला. काल ज्याला वाया गेलेल्या पोरांचं संगीत म्हणत होते, ते सरकारी संस्थेला लोकांपर्यंत पोचायला उपयोगी पडलं. २०२४ मध्ये बियॉन्सेच्या अल्बममध्येही फंकचा तुकडा आला.

‘फोंक’ मात्र तिसऱ्याच गावचा. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात नव्वदच्या दशकात कॅसेटवर रॅप निघायचा, खरखरीत, काळोखा. तो जुना आवाज इंटरनेटवरच्या पोरांनी उचलला, रशियाकडच्या पोरांनी गाड्या घसरवण्याच्या व्हिडिओंना जोडला, त्यात ८०८ ची घंटा घातली. मग कुणीतरी त्यावर ब्राझीलच्या फंकचा ठेका आणि पोर्तुगीज ओरडा चढवला, आणि २०२२-२३ पासून ‘ब्राझिलियन फोंक’ हे लेबल चिकटलं. ते बनवणाऱ्यांतले कित्येक ब्राझीलचे नाहीतच. वस्तीतल्या पोरांनी वीस-तीस वर्षं शिव्या खाऊन घडवलेला माल दुसऱ्याच्या नावाच्या पॅकिंगमध्ये विकला जातो, अशी ब्राझीलच्या डीजेंची तक्रार आहे. ती रास्त वाटते.

आपल्याकडे वाट मोकळी झाली ती २०२० मध्ये. २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केलं. रीलमध्ये कुणाच्याही व्हिडिओचा आवाज एका बोटाने उचलून आपल्या व्हिडिओला लावता येतो. त्यात फुटबॉल आला. ज्या कोल्हापुरात वर्ल्डकपला ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तिथे ब्राझीलच्या खेळाडूंच्या क्लिपबरोबर हा ठेका आपसूक येणारच.

पण हाच आवाज का टिकला? याचं एक साधं तांत्रिक कारण आहे. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो. दोनशे हर्ट्झच्या खालचा आवाज त्याला धड काढता येत नाही, आणि ढोलाचा किंवा बासचा खरा ठोका तर पन्नास-साठ हर्ट्झला असतो. म्हणजे साधं बासचं गाणं मोबाइलवर मेलेलं वाटतं. फोंक बनवणारा बासचा आवाज मुद्दाम फाडतो. आवाज फाटला की पन्नासच्या पटीतले वरचे सूर तयार होतात, शंभर, दीडशे, दोनशे, अडीचशे. त्यातले वरचे मोबाइलला काढता येतात, आणि ते ऐकून आपला मेंदू खालचा न वाजलेला पन्नासचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून नखाएवढ्या स्पीकरवरही ‘दणका’ जाणवतो. मशीनच्या खडखडाटात, कारखान्याच्या दारात, चालत्या दुचाकीवरही. बिघाड वाटतो ती खरं तर युक्ती आहे.

भिंतीवर चढला की

मोबाइलसाठी फाडलेला हा आवाज डॉल्बीवर लावला की हिशेब उलटा होतो. तिथे वरचे सूरही आणि खालचा पन्नासचा खरा ठोकाही पूर्ण ताकदीने निघतो. खोल आवाज भिंतीला जुमानत नाही. खिडकीची तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, आणि म्हातारी माणसं व तान्ही मुलं असलेल्या घरात तो अर्धा तास काढणं म्हणजे काय, हे मिरवणूक मार्गावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कायदा काय म्हणतो? २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे कागल नाका ओलांडला म्हणून ते बदलत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, उद्यमबागेसारख्या औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. सणासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस कोणते हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. म्हणून निपाणीत एक आणि कागलात दुसरं असं होऊ शकतं, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी ‘परवानगी मिळाली’ची बातमी कुठल्या राज्याची आहे हे पाहूनच घ्यावी.

डेसिबल हे साध्या आकड्यासारखं वाढत नाही. १० ने वाढलं की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ च्या जागी ९५ म्हणजे ऊर्जा दहा हजारपट.

आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. नियमातलं मोजमाप ‘डीबी-ए’ पद्धतीने होतं. माणसाच्या कानाला खोल आवाज कमी ऐकू येतो, म्हणून मीटरही तो कमी धरतो. पन्नास हर्ट्झचा आवाज मीटर सुमारे ३० डेसिबलने कमी करून दाखवतो. पोलिसांच्या हातातला मीटर बरोबरच असतो, पण ज्या धडकीने घर हलतं ती त्याच्या आकड्यात पुरती येतच नाही. फंक, फोंक आणि त्यांच्यावर बेतलेले रिमिक्स सगळे याच खोल आवाजावर उभे आहेत. डीजे आणि पोलीस यांच्यात दरवर्षी आकड्यावरून वाद होतो, त्याचं थोडं उत्तर इथे आहे.

शब्दांचाही प्रश्न आहे. ब्राझीलच्या फंकमधला एक मोठा भाग उघड अश्लील आहे, आणि रीलमध्ये आलेले तुकडे बऱ्याचदा त्याच भागातले. पोर्तुगीज न कळणाऱ्याला तो नुसता जोश वाटतो. बाप्पापुढे ट्रॅक लावण्याआधी मोबाइलवरच भाषांतर करून बघायला दोन मिनिटं लागतात. गोव्याचे जुने पोर्तुगीज जाणणारे पाहुणे गणपतीला घरी येतात हे निदान लक्षात ठेवावं.

पैसा कुणाच्या खिशात

या भागातल्या मिक्समध्ये बऱ्याचदा एक आवाज आपला असतो, हलगीचा. मराठीत हलगी, कन्नडातही जवळपास तेच नाव. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच वाद्य, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारी घरं गावकुसाबाहेरची. फाव्हेलातला ठेका आणि हलगीचा ठेका एका ट्रॅकमध्ये येतात तेव्हा जगाच्या दोन टोकांच्या, हिशेबाबाहेर ठेवलेल्या माणसांचे हात एकत्र आलेले असतात. दोघांनाही त्यातून काही मिळत नाही.

डीजेने यूट्यूबवर रिमिक्स टाकला की यूट्यूबची यंत्रणा आवाजाचा ठसा तपासते. मूळ गाणं एखाद्या कंपनीचं निघालं तर कंपनीला तीन वाटा असतात: व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातीचा पैसा स्वतः घ्यायचा, किंवा नुसतं लक्ष ठेवायचं. बहुधा दुसरी वाट घेतली जाते. म्हणजे मेहनत डीजेची, व्ह्यूज डीजेचे, जमा कंपनीकडे. डीजे हे सहन करतो, कारण त्याची खरी कमाई सुपारीत आहे, व्हिडिओ ही त्याची जाहिरात.

मिरवणुकीत वाजवायचं वेगळं आणि नेटवर टाकायचं वेगळं, हे मंडळांनीही समजून घ्यायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खरंखुरं धार्मिक कार्य आणि लग्नाची वरात यांत गाणं वाजवण्याला सूट देतं. तोच ट्रॅक अपलोड केला की ती सूट संपते.

हलगीवाल्याचं काय? ठेका कुणाच्या मालकीचा नसतो, पण त्याने वाजवलेलं रेकॉर्डिंग ही त्याची कला आहे आणि त्याच कायद्यात वादकाचा हक्क पन्नास वर्षं धरलेला आहे. त्याच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड करून ते विकता येत नाही. प्रत्यक्षात काय होतं? जत्रेत कुणीतरी मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करतं, त्याचा तुकडा होतो, तो फाइल म्हणून ग्रुपवर फिरतो आणि दहा डीजेंच्या ट्रॅकमध्ये बसतो. हलगीवाल्याचं नाव फाइलवरसुद्धा नसतं. त्याच जत्रेत पुढच्या वर्षी त्याच्या जागी डॉल्बी येते आणि तिच्यावर त्याचीच हलगी वाजते.

मंडळाच्या जमाखर्चात डॉल्बीची सुपारी ही मोठी रक्कम असते. तिच्यातून दोन हलगीवाले आणि एक ताशेवाला सहज निघतात, आणि त्यांच्या मानधनाची पावतीही फाडता येते. रेकॉर्डिंग करायचं असेल तर साध्या कागदावर नाव, तारीख, रक्कम आणि कशासाठी वापरणार हे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तरी पुष्कळ झालं. पुढे एखादा ट्रॅक चालला तर बोलायला आधार राहतो.

राहिला व्हिरादोरूचा धडा. बेळगाव, निपाणी आणि कोल्हापूरच्या ढोलताशा पथकांची उत्सवाआधीची तालीम कित्येक आठवडे चालते. तीन-तीन-दोनचा ठेका ढोलाला अवघड नाही. पहिल्या ठोक्याला भरीव ‘धूम’, चौथ्या आणि सातव्याला टिपरूचा काठावरचा मार, आणि मधल्या रिकाम्या जागा ताशाने भरायच्या. अडचण येते ती हलगीशी जुळवताना, कारण हलगीच्या कित्येक ठेक्यांना तिपटीची चाल असते आणि फंक सरळ चौपटीत चालतो. कॉम्प्युटरवर डीजे हलगीचा तुकडा ओढूनताणून चौपटीत बसवतो, म्हणून ती जरा लंगडी ऐकू येते. वाजवणारा माणूस समोर असला की त्याला ओढावं लागत नाही. चार आवर्तनं तिपटीत, इशारा, मग आठ मोजून सगळ्यांनी एकदम चौपटीत उतरायचं, आणि परत मूळ चालीवर. जोर्जाओंच्या तीनशे वादकांनी १९९७ मध्ये हेच केलं होतं. पथकात पंचवीस ढोल असले तरी चालतं, आणि जनरेटर लागत नाही.